सूर्यमालेच्या वेशीपलीकडील प्रवासी

पृथ्वीखेरीज अन्यत्र कोठें जीवसृष्टि असेल काय, हा प्रश्न मानवाच्या मनांत पुरातन काळापासून घोळत आला आहे. विसाव्या शतकांत या प्रश्नानें केवळ कल्पनेलाच चालना दिली असें नाहीं. एका यानाची वाटहि त्यानें कायमची बदलली. सूर्यमालेबाहेर जाणाऱ्या यानांच्या इतिहासांत हा प्रसंग विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

सूर्याच्या आकर्षणांतून कायमचें सुटण्याइतका वेग लाभलेल्या यानांपैकीं सर्वांत आधीं निघालेलीं दोन म्हणजे अमेरिकेचीं पायोनियर १० व पायोनियर ११. तीं अनुक्रमें १९७२ व १९७३ सालीं निघालीं. स्त्रीपुरुषांच्या आकृति व सूर्याचें ठिकाण दाखविणारा नकाशा कोरलेला एक धातूचा पत्रा प्रत्येकावर बसविला होता. त्यांच्या मागून १९७७ सालीं व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें निघालीं. त्या काळांत बाहेरचे चार ग्रह अशा स्थितींत येत होते कीं, एकाच्या आकर्षणाचा झोका घेऊन पुढचा गांठतां यावा. असा योग सुमारें १७५ वर्षांनीं एकदां येतो.

परंतु शनीपाशीं एक पेंच होता. पहिल्या व्हॉयेजरला तेथून प्लूटोकडे जाणें शक्य होतें. मात्र शनीचा उपग्रह टायटन जवळून पाहावयाचा, तर ती वाट सोडणें भाग होतें. टायटनचा शोध १६५५ सालीं ख्रिस्तियान हायगेन्स यानें लाविला. त्याच्या वातावरणांत मीथेन वायु असल्याचें १९४४ सालीं जेरार्ड कायपर यानें दाखवून दिलें. जीवोत्पत्तीपूर्वीं पृथ्वीवर जें रसायन घडलें असेल, तसेंच कांहीं तेथें आढळेल, अशी शास्त्रज्ञांस आशा होती. अखेर प्लूटोला सोडून टायटनची निवड झाली. पहिल्या यानाचा बेत फसल्यास दुसऱ्यानें युरेनस व नेपच्यून यांवर पाणी सोडून टायटनकडेच वळावें, असेंहि ठरलें होतें.

नोव्हेंबर १९८० मध्यें यान टायटनजवळून गेलें. छायाचित्रांत नारिंगी धुक्याखेरीज कांहींच दिसेना. परंतु इतर उपकरणांनीं जें सांगितलें, तें मोलाचें होतें. हवेंत मुख्यतः नायट्रोजन, पृष्ठभागावर पृथ्वीच्या सुमारें दीडपट दाब, आणि शून्याखालीं सुमारें १८० अंश थंडी! शिवाय हवेंत हायड्रोजन सायनाइड आढळलें. मनुष्याला हें जहाल विष. तथापि जीवद्रव्याचे कांहीं घटक त्यापासूनच बनूं शकतात. पहिल्याचें काम फत्ते झाल्यामुळें दुसरें यान १९८६ सालीं युरेनसला व १९८९ सालीं नेपच्यूनला भेटूं शकलें. पुढें २००५ सालीं हायगेन्सच्याच नांवाचें यान टायटनवर उतरलें, तेव्हां धुक्याखालीं द्रव मीथेननें कोरलेले प्रवाहमार्ग दिसले. जीवाचा पुरावा मात्र मिळाला नाहीं.

टायटनच्या भेटीनंतर पहिला व्हॉयेजर ग्रहांच्या पातळीवरून उत्तरेकडे फेंकला गेला. पुढें त्याला एकहि ग्रह भेटला नाहीं. त्याच्या शिदोरींत सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी आहे. तींत ५५ भाषांतील अभिवादनें असून त्यांत मराठीहि आहे. आणि गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांनीं गाइलेली भैरवीहि आहे. यान ५ सप्टेंबर १९७७ रोजीं निघालें. त्याच महिन्याच्या १६ तारखेस केसरबाई निवर्तल्या.

ऑगस्ट २०१२ मध्यें हें यान सूर्यावरून वाहणाऱ्या कणांच्या वाऱ्याची सीमा ओलांडून गेलें. दुसऱ्यानें ती नोव्हेंबर २०१८ मध्यें ओलांडली. तरी सूर्याची सत्ता तेथें संपत नाहीं. सेकंदास सुमारें १७ किलोमीटर धांवूनहि दूरच्या धूमकेतूंच्या मेघांतून पार पडण्यास पहिल्या यानाला सुमारें ३०,००० वर्षें लागतील. आणि सुमारें ४०,००० वर्षांनीं ग्लीझ ४४५ या ताऱ्याजवळून जातांनाहि त्या दोहोंमध्यें दीड प्रकाशवर्षाहून अधिक अंतर राहील. तबकडी कोणाच्या हातीं पडण्याची आशा ती किती!

परंतु वाट वांकडी करून जें पाहिलें, त्याचें फळ मात्र पदरांत पडलें. जीवाचा प्रश्न दूरच्या ताऱ्यांना विचारण्यापूर्वीं शनीच्या अंगणांत विचारावा, हें त्या भेटीनें शिकविलें. टायटनवर उडत फिरणारें ड्रॅगनफ्लाय नांवाचें यान पाठविण्याची योजना २०१९ सालीं मंजूर झाली, ती याच मार्गानें. केसरबाईंचा स्वर ताऱ्यांकडे निघाला आहे. त्याला श्रोता मिळण्याच्या कितीतरी आधीं टायटनच्या धुक्याखालून कांहीं उत्तर येईल, असा संभव अधिक आहे.