नाकाचं माप आणि जातीची पायरी

१८९१ मध्ये कोलकात्याच्या सरकारी छापखान्यातून ‘द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ बेंगाल’ हा ग्रंथ बाहेर पडू लागला. कर्ते होते बंगालमधले सनदी अधिकारी हर्बर्ट रिस्ले. त्याच्या काही खंडांत नुसते आकडे आहेत: सुमारे सहा हजार माणसांच्या डोक्यांची, चेहऱ्यांची आणि मुख्य म्हणजे नाकांची मापं.

रीत साधी होती. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचं आणि शंभराने गुणायचं. ५० मिलिमीटर उंच नाक ३५ मिलिमीटर रुंद असेल, तर निर्देशांक ७०. त्याहून कमी भरलं तर नाक चिंचोळं, ८५ च्या वर गेलं तर रुंद. जात जितकी वरची तितकं नाक चिंचोळं, असा रिस्लेंनी सिद्धान्तच मांडला. जमीन कोणाच्या नावावर आणि शाळेचं दार कोणाला बंद, याचं कारण सत्तेत नि इतिहासात शोधायचं सोडून ते माणसाच्या हाडांत शोधलं गेलं. वंश हा निसर्गाने आखलेला नव्हे, समाजाने घडवलेला भेद आहे, असं समाजशास्त्र आज सांगतं. तो घडतो कसा, हे कोलकात्यात कागदोपत्री पाहायला मिळतं.

१९०१ च्या जनगणनेचे आयुक्तही रिस्लेच. जातींची यादी सामाजिक मानाच्या क्रमाने लावायचा त्यांचा हुकूम निघाला आणि अर्जांचा पाऊस सुरू झाला. १९११ च्या जनगणनेवेळी एकट्या बंगालमध्ये आलेल्या अर्जांचं वजन दीड मण भरलं, म्हणजे सुमारे ५६ किलो! शेती करणाऱ्या चाषी कैवर्त जातीला ‘माहिष्य’ ही ओळख हवी होती. पूर्व बंगालच्या पाणथळ जमिनीत भात पिकवणाऱ्यांना सरकारी कागदांत ‘चांडाळ’ म्हटलं जाई. त्यांचे नेते गुरुचांद ठाकूर यांच्या चळवळीच्या काळात, १९११ मध्ये, तिथे ‘नमःशूद्र’ नाव लागलं. यातले बरेच अर्ज उतरंड मोडायला निघाले नव्हते, तिच्यातली वरची पायरी मागत होते. तरी ज्याला हाकच शिवीसारखी मारली जाते, त्याच्यासाठी हा बदल लहान नव्हता.

रिस्लेंना उत्तर देण्यात मराठी माणसं पुढे होती. पुढे कोलकाता विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या देवदत्त भांडारकरांनी १९११ मध्येच हिंदू समाजात बाहेरचं रक्त किती मिसळलं आहे, ते दाखवलं. मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात रिस्लेंचीच मापं पुन्हा तपासली. संयुक्त प्रांतातला ब्राह्मण स्वतःच्या प्रांतातल्या बहुतेक जातींपेक्षा पंजाबातल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या चुहड्याला शरीराने अधिक जवळचा निघाला.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये भांडारकरांचा दाखला दिला, तर १९४८ मध्ये अस्पृश्यतेचं मूळ शोधताना घुर्येंची आकडेवारी हाताशी घेतली. अस्पृश्य हा वेगळा वंश नव्हे, हे त्यांनी नाकांच्या त्याच मापांवरून सिद्ध केलं.

या दोन पुस्तकांच्या मधल्या काळात, १९४६ मध्ये, मुंबईहून संविधान सभेत जायची वाट बंद झाली तेव्हा बाबासाहेब बंगालच्या विधिमंडळातून निवडून गेले. त्यासाठी मतं जुळवणारे जोगेंद्रनाथ मंडल हे नमःशूद्र होते.