करमणुकीची आगगाडी आणि देखभालीचा इतिहास : बोरिवलीच्या 'वनराणी'च्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरांचा इतिहास लिहिताना जुहूचा उल्लेख बहुधा दोन कारणांनी येतो. एक म्हणजे तेथील चौपाटी आणि दुसरे म्हणजे १९२८ साली सुरू झालेला विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन याच विमानतळावर उतरले, ही घटना शालेय पाठ्यपुस्तकापर्यंत पोहोचलेली आहे. तथापि त्या विमानाची त्या रात्री तपासणी कोणी केली, दुसऱ्या दिवशी ते उडण्यायोग्य कोणी ठेवले, याची नोंद सामान्य वाचकाच्या स्मरणात नाही. वाहतुकीचा इतिहास हा प्रामुख्याने शुभारंभांचा इतिहास झालेला आहे. देखभालीचा इतिहास मात्र अलिखित राहिला आहे.

प्रस्तुत लेखात या अलिखित बाजूचा विचार एका लहानशा वाहनाच्या आधारे केला आहे. जुहूहून उत्तरेस काही स्थानके ओलांडली की बोरिवली लागते. तेथील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात १९७० च्या दशकापासून धावणारी 'वनराणी' ही छोटी आगगाडी उपनगरातील अनेक पिढ्यांच्या बालपणाचा भाग आहे. उद्यानातील वाहतूक जुनी होते तेव्हा तिची विश्वासार्हता आणि कार्यक्षमता कशावर अवलंबून असते, हा या लेखाचा मुख्य प्रश्न होय.

'वनराणी'ची वाटचाल

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. त्यातील कृष्णगिरी उपवनाचा भाग पर्यटकांसाठी विकसित झाला. गांधी टेकडीच्या पायथ्याने वळसा घालत, हरणांच्या कुंपणाजवळून जाणारा अरुंद रुळांचा मार्ग येथे टाकण्यात आला. रविवारी लोकलने येणाऱ्या कुटुंबाला परवडेल अशी ही फेरी होती. चालण्यास असमर्थ असलेल्या वृद्धांना आणि लहान मुलांना जंगलाचे दर्शन घडविणारे ते एक सोयीचे साधन होते.

मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळाने मुंबईस तडाखा दिला. त्यात या मार्गाचे नुकसान झाले आणि गाडी बंद पडली. ऑगस्ट २०२५ मध्ये 'व्हिस्टाडोम' धर्तीच्या पारदर्शक डब्यांसह ती पुन्हा सुरू झाली. वादळ एका दिवसाचे होते. गाडीचा खंड मात्र चार वर्षांहून अधिक काळाचा ठरला. वादळाच्या वेळी चार वर्षांचे असलेले मूल गाडी पुन्हा धावली तेव्हा आठ वर्षांचे झाले होते.

विश्वासार्हता म्हणजे काय?

अभियांत्रिकीत वाहनाची उपलब्धता दोन गोष्टींवरून ठरते : ते किती काळाने बिघडते आणि बिघडल्यावर किती काळात दुरुस्त होते. एखादी जुनी गाडी वर्षातून दहा वेळा बिघडत असेल, परंतु प्रत्येक वेळी एका दिवसात सुरू होत असेल, तर ती वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी ३५५ दिवस, म्हणजे सुमारे ९७ टक्के दिवस उपलब्ध असते. याउलट दुसरी गाडी चार वर्षे बिनतक्रार धावली आणि एकदाच बिघडून चार वर्षे उभी राहिली, तर तिची उपलब्धता केवळ ५० टक्के भरते. पहिली गाडी 'खटारा' म्हणून हिणवली जाईल. प्रत्यक्षात अधिक विश्वासार्ह तीच होय.

जुनेपणाचे परिणाम अर्थातच नाकारता येत नाहीत. कोकण किनाऱ्याच्या दमट हवेत लाकडी स्लीपर कुजतात, रुळांना जखडणाऱ्या खिळ्यांना गंज चढतो, पावसाच्या पाण्याने रुळांखालची खडी सरकते. वळणांवर चाकांची कड आणि रुळाची आतील बाजू परस्परांस घासून झिजतात, दोन रुळांतील अंतर वाढते आणि डबा घसरण्याचा धोका निर्माण होतो. परंतु हे सर्व दोष हळूहळू वाढणारे व पाहणीत सापडणारे आहेत. अधिक गंभीर अडचण सुट्या भागांची असते. एकाच उद्यानासाठी बनविलेल्या गाडीचा भाग बाजारात तयार मिळत नाही. तो घडवून घ्यावा लागतो. म्हणूनच दुरुस्तीचा काळ लांबतो.

कायद्याच्या दृष्टीने 'रेल्वे' नसलेली आगगाडी

येथे एक कायदेशीर बाब विशेष लक्षणीय आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ मधील 'रेल्वे' या संज्ञेच्या व्याख्येतून प्रदर्शनाची जागा, जत्रा, उद्यान किंवा अन्य ठिकाणी केवळ करमणुकीसाठी टाकलेले रूळ स्पष्टपणे वगळण्यात आले आहेत. म्हणजेच बालकाच्या नजरेत जी आगगाडी आहे, ती या कायद्याच्या नजरेत रेल्वे नाही. प्रवासी रेल्वेचा नवा मार्ग खुला करण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची पाहणी व मान्यता आवश्यक असते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असल्याने ही पाहणी स्वतंत्र राहते. केवळ करमणुकीच्या रुळांना या अधिनियमाची चौकट लागू होत नाही. अशा गाडीच्या देखभालीची शिस्त मग चालविणाऱ्या संस्थेच्या इच्छाशक्तीवर व अंदाजपत्रकावर अवलंबून राहते.

'वनराणी'ची जबाबदारी वनविभागाकडे आहे. वनविभागाचे मूळ कर्तव्य वन व वन्यजीव यांचे संरक्षण हे होय. इंजिन आणि रूळ हा त्याचा विषय नव्हे. हा त्या विभागाचा दोष म्हणता येणार नाही; ती रचनेतील उणीव आहे.

माथेरान आणि पुणे : दोन तुलना

नेरळ-माथेरान मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने उभारलेला हा दोन फूट रुंदीचा, सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग 'वनराणी'हून कितीतरी जुना आणि कठीण आहे. २००५ च्या अतिवृष्टीत तो उद्ध्वस्त झाला आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. मे २०१६ मध्ये डबे घसरल्यामुळे तो बंद ठेवण्यात आला. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा मोठी हानी झाली आणि संपूर्ण मार्ग २२ ऑक्टोबर २०२२ रोजी खुला झाला. म्हणजे माथेरानची गाडीही दीर्घकाळ बंद राहिली आहे. तथापि दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली अशी की, दोन्ही वेळा संपूर्ण मार्गाची वाट न पाहता अमन लॉज ते माथेरान ही आखूड फेरी आधी सुरू करण्यात आली. दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी असल्याने गावाचे दैनंदिन जीवन या फेरीशी निगडित आहे. गाडी बंद पडली की तक्रार करणारे गाव आहे. दुसरी अशी की, मध्य रेल्वेच्या कार्यशाळा व प्रशिक्षित कर्मचारी तिच्या पाठीशी आहेत. शिवाय नेरळ ते अमन लॉज हा घाटातील भाग पावसाळ्यात दरवर्षी नियोजनपूर्वक बंद ठेवला जातो. ही ठरलेली विश्रांती अनपेक्षित खंडापेक्षा श्रेयस्कर होय.

पुण्याच्या पेशवे उद्यानातील 'फुलराणी' ८ एप्रिल १९५६ रोजी सुरू झाली. तेथील प्राणिसंग्रहालय पुढे कात्रजला हलले, उद्यानाचे स्वरूप पालटले, तरी गाडी टिकून राहिली. मार्ग छोटा, रचना साधी आणि महानगरपालिकेसारखी स्थानिक मालक संस्था, या बाबी तिच्या दीर्घायुष्यास उपकारक ठरल्या असाव्यात असे अनुमान काढता येते.

परदेशातील एक धडा

अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड येथील मोनोरेल १९७१ पासून धावते. मार्गांची एकत्रित लांबी सुमारे २३ किलोमीटर आहे. तेथील सध्याच्या गाड्या १९८९ ते १९९१ या काळात दाखल झाल्या. ५ जुलै २००९ रोजी दोन गाड्यांची टक्कर होऊन एका चालकाचा मृत्यू झाला. चौकशीत कारण म्हणून गाड्यांचे वय पुढे आले नाही. मार्ग बदलणारी तुळई योग्य जागी न वळविता गाडी मागे घेण्यात आली होती आणि या कामाची ठरलेली कार्यपद्धती नव्हती, हे निदर्शनास आले. साधनसंपत्तीची वाण नसलेल्या संस्थेतही शिस्तीची उणीव प्राणघातक ठरू शकते, हे यावरून सिद्ध होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. उद्यानातील जुन्या वाहनाची विश्वासार्हता त्याच्या वयापेक्षा दुरुस्तीच्या वेगावर अधिक अवलंबून असते.

२. ज्या वाहनावर कोणाचे दैनंदिन जीवन अवलंबून नाही, त्याच्या बंद पडण्याला दाद मिळणे कठीण असते. बालकांना मतदानाचा हक्क नसतो आणि त्यांचे तक्रारपत्रही येत नाही.

३. करमणुकीचे रूळ रेल्वे कायद्याबाहेर असल्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र, नियतकालिक व बाह्य तपासणीची व्यवस्था आवश्यक आहे. त्या तपासणीचा अहवाल जनतेस पाहण्यास मिळावा.

४. तिकिटाच्या उत्पन्नातील ठराविक हिस्सा सुट्या भागांसाठी व पावसाळ्यापूर्वीच्या कामांसाठी राखून ठेवावा. मार्गालगतची झाडे आणि पाण्याचे निचरे यांची पाहणी दरवर्षी मे महिन्यापूर्वी पूर्ण व्हावी.

५. गाडी वर्षातून किती दिवस धावली याची नोंदवही ठेवावी. उद्घाटनाच्या कोनशिलेपेक्षा ही नोंदवही पुढील इतिहासकारास अधिक उपयोगी पडेल.

समारोप

'वनराणी' नव्या डब्यांसह धावू लागली, ही समाधानाची बाब आहे. परंतु नवे डबेही एक दिवस जुने होणार आहेत आणि पावसाळा दरवर्षी येणार आहे. तिच्या नव्या पर्वाचे मूल्यमापन पुढचे वादळ येऊन गेल्यानंतर करावे लागेल. रुळांवर पडलेले झाड उचलून गाडी सुरू करण्यास किती दिवस लागले, हीच त्याची खरी कसोटी होय.