शिशाचा ताप

आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, कल्हई करीत. पावसाळा सरला की अंगणातल्या खड्ड्यात कोळसे पेटत, भाता चाले. हंडा तापला की दादा त्यात नवसागराची चिमूट टाकीत, पांढरा धूर उठे, आणि मग ते कथिलाची कांडी आतून टेकवून पाहत. कांडी पाघळली तर ठीक, नाहीतर पुन्हा भाता. "किती तापलं हे तुम्हाला कसं कळतं?" असे मी विचारी. ते म्हणत, "भट्टी को मत पूछ, रांगे को पूछ." रांगा म्हणजे कथिल.

दादांचे हे वाक्य मला अनेक वर्षांनी आठवले ते अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाविषयी वाचताना. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा सैन्यापुढे वाचला गेला. त्याच रात्री जमावाने राजा तिसरा जॉर्ज याचा घोड्यावर बसलेला पुतळा दोर लावून खाली ओढला. पुतळा होता शिशाचा. वरून सोन्याचा मुलामा. त्याचे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफील्ड गावी, ऑलिव्हर वोल्कॉट यांच्या घरी पोहोचले. वोल्कॉट हे जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. तिथे घरच्या आणि शेजारच्या बायकामुलांनी शिसे वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतल्या. कोणी किती ओतल्या याचा हिशेबही ठेवलेला आहे. रूथ मार्विन या शेजारणीच्या नावावर ११,५९२, वोल्कॉटांच्या मुली मेरी ॲन आणि लॉरा यांच्या नावावर १०,७९० आणि ८,३७८. आठ-नऊ वर्षांच्या धाकट्या फ्रेडरिकच्या नावावर ९३६. एकूण बेरीज ४२,०८८. राजाचा पुतळा राजाच्याच फौजेवर चालून गेला!

गोळी ओतण्याचे काम दिसते सोपे. पण शिसे पुरेसे तापलेले नसेल तर साचा नीट भरत नाही, गोळीवर सुरकुत्या पडतात. फार तापले तर वर राखेसारखी साय वेगाने धरते आणि माल वाया जातो. मग योग्य ताप ओळखायचा कसा? लोहार लोखंडाचा रंग बघतो: लाल, नारिंगी, पिवळा. शिशाची ही सोय नाही. कोणताही पदार्थ अंधारात लालसर दिसू लागतो तो सुमारे ५२५ अंश सेल्सिअसला. शिसे मात्र ३२७ अंशांलाच पाणी होते. पळीतले शिसे हात जाळील इतके तापलेले असते, पण चेहरा चांदीसारखा शांत. म्हणून जुने कारागीर लाकडाची काडी नाहीतर कागद त्यात बुडवत आणि ते किती करपते यावरून अंदाज बांधत.

या अंदाजाला आकडा देण्याचा एक मोठा प्रयत्न न्यूटनने केला. १७०१ साली त्याने आपले नाव न घालता एक लेख छापला. त्या काळी तो लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख होता. कमी उष्णतेसाठी त्याने जवसाच्या तेलाचा तापमापक वापरला. त्यापुढच्या उष्णतेसाठी लोखंडाचा जाड तुकडा लाल होईस्तोवर तापवला, वाऱ्यात ठेवला, त्यावर निरनिराळ्या धातूंचे कण ठेवले आणि कोणता कण किती वेळाने गोठतो ते टिपले. त्याच्या मापात बर्फाचा अंक शून्य, माणसाच्या अंगाचा १२, खळखळणाऱ्या पाण्याचा ३४, कथिल वितळण्याचा ७२ आणि शिशाचा ९६. वितळणे-गोठणे हीच मापाची खूण! म्हणजे तोही भट्टीला नव्हे, रांग्यालाच विचारत होता.

पाऱ्याचा तापमापक इथे फार उपयोगी नव्हता. पारा स्वतःच ३५७ अंशांला उकळतो. वाट दाखवली सीबेकने, १८२१ साली. दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून एक सांधा तापवला, तर जवळची चुंबकसुई हलते, असे त्याला दिसले. तारांतून वीज वाहत होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ल शातेलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्लॅटिनमच्या तारा वापरून त्यातून भरवशाचे साधन घडवले. आज घरी हौसेने गोळ्या ओतणारा अमेरिकन माणूस तशाच जातीची सळई शिशात बुडवतो आणि अंश वाचतो.

पण त्या सळईला शिशाची एकच गोष्ट कळते. दुसरी कळत नाही. शिसे विष आहे. वरची साय, हाताला लागलेली धूळ पोटात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला सर्वांत जास्त इजा करते. रक्तातले शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असे आज वैद्यकशास्त्र सांगते. लिचफील्डचा हिशेब वाचताना माझी नजर म्हणून ४२,०८८ वर टिकत नाही. ती ९३६ वर येऊन थांबते.

कथिल महाग झाले तेव्हा काही कल्हईवाले त्यात शिसे मिसळीत. भांडे तसेच चकचकीत दिसे, गिऱ्हाइकाला पत्ता लागत नसे. दादांनी ते कधी केले नाही. त्यांना ना न्यूटन ठाऊक होता, ना रक्ताची तपासणी. कारण विचारले की एवढेच म्हणत, "इसमें बच्चे खाते."