चितपट ते गुण : सातारा-सांगलीच्या कुस्तीतील निकाल व पात्रता

प्रस्तावना :
सातारा व सांगली जिल्ह्यांत गावची यात्रा आणि कुस्तीचे मैदान यांचे नाते जुने आहे. लाल मातीतील या कुस्तीचा मुख्य नियम एकच, तो म्हणजे प्रतिस्पर्ध्यास चितपट करणे. तसे न झाल्यास कुस्ती बरोबरीत सोडविली जाई. जोड ठरविताना वजनकाट्यापेक्षा जाणकारांची नजर व मल्लाचा लौकिक महत्त्वाचा असे. गुणपद्धती व पात्रतेचे नियम यांमुळे या परंपरेत काय बदलले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वजनगट व पात्रता :
कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. वजनगट नसते, तर अशा लहान चणीच्या मल्लास धिप्पाड मल्लांशीच झुंजावे लागले असते. पात्रतेची कक्षा पुढेही रुंदावली. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली व सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी विजेत्या ठरल्या. पुरुषांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा मात्र १९६१ पासूनची आहे.

गुणपद्धती :
आजच्या फ्रीस्टाइल कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात. प्रतिस्पर्ध्यास खाली आणून ताबा घेतल्यास दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकलल्यास एक गुण मिळतो. दहा गुणांची आघाडी होताच कुस्ती संपते. चितपटीचे महत्त्व कायम असले, तरी तिच्यावाचूनही निकाल लागतो. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यातील महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज पाटील यांनी विशाल बनकर यांना ५-४ असे हरविले. जानेवारी २०२३ च्या पुण्यातील स्पर्धेत तर एका डावाला दिलेल्या चार गुणांवरून राज्यभर वाद झाला.

निष्कर्ष :
पाठ टेकली की नाही, हे बहुधा मैदानभर दिसते; गुण मात्र पंचांना दिसतो. पात्रतेच्या नियमांनी आखाडा अधिकांना खुला केला, तर गुणपद्धतीने निकालाचा अधिकार प्रेक्षकांच्या नजरेतून पंचांच्या हाती दिला. म्हणून प्रत्येक गुणाचे कारण मैदानातच जाहीर करण्याची प्रथा रुजविणे आवश्यक आहे. गावाच्या विश्वासावर उभी राहिलेली कुस्ती त्या विश्वासावाचून टिकणार नाही.