सोडलं ते सोडलं

साल १९७०. पळसदेवला भीमेच्या पात्रात उतरा. नदी उन्हाळ्याची, पाणी जेमतेम घोट्याएवढं. काठावर पळसनाथाचं देऊळ. वाळू उकरा, झिरपलेलं पाणी ओंजळीनं प्या. पोटभर प्या, कारण पुढच्या मुक्कामी ते मिळणार नाही.

१९८०. उजनी धरण झालंय, देऊळ पाण्याखाली गेलंय आणि तुम्ही होडीत आहात. याच वर्षी १६ जूनला अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय, पाच विरुद्ध चार मतांनी, आनंद चक्रवर्ती यांनी घडवलेल्या तेलखाऊ जिवाणूला पेटंट मिळू शकतं असं ठरवतं. धरणाच्या काठच्या भिगवणात कोणाला त्याचं काय! इथे बोलणं बुडालेल्या रानांचं.

आता आजच्या हिवाळ्यात या. कुंभारगावचा नावाडी रोहित पक्ष्यांकडे बोट दाखवतो. तुम्ही जरा खाली, पाण्याकडे बघा. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं आणि इथे साचतं. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ आणि जलपर्णी माजतात. रात्री शेवाळही प्राणवायू ओढतं, त्यामुळे पहाटे मासे गुदमरतात. जाळ्यात येते चिलापी, मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणलेली. जलपर्णी दक्षिण अमेरिकेची. दोघींना परत धाडणं आता कोणाच्या हातात नाही.

वीस वर्षं पुढे चला. धक्क्यावर टँकर उभा आहे. 'आमचे जनुक बदललेले जिवाणू फॉस्फरस फस्त करतात,' साहेब सांगतात. नळी पाण्यात सुटते. तुम्ही जिवाणूएवढे होऊन आत शिरा. प्रयोगशाळेत आयतं खाणं होतं. इथे मूळचे रहिवासी अन्न हिसकावतात, आदिजीव तुम्हालाच गिळतात. बहुतेक भाऊबंद मरतात आणि खाल्लेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात, गाळात मिसळतो. तो काढून न्यायला कोणी येत नाही. मरण्याआधी एखादा आपलं जनुक शेजाऱ्याला देऊन जातो. ठरल्या वेळी मरावं म्हणून बसवलेलं आत्मघाती जनुकसुद्धा उत्परिवर्तनानं निकामी होऊ शकतं. मग धरणाचे दरवाजे उघडतात, आणि उरलेले भीमेतून पंढरपूरकडे निघतात.

टँकर काल्पनिक आहे, कायदा नाही. १९८९ च्या नियमांनुसार असे जीव पर्यावरणात सोडायला केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची परवानगी लागते. तसा अर्ज आलाच, तर भिगवणच्या मच्छीमारांनाही विचारा. आणि त्याआधी पुण्याचं सांडपाणी पुण्यातच शुद्ध करा.