श्रावणातील पोथी आणि शाळेतील पुस्तकमोजणी

ठरावीक मुदतीत ठरावीक वाचन पुरे करण्याचा संकल्प मुलांकडून करवून घेण्याची पद्धत आज अनेक देशांत रुजली असून ती आधुनिक शिक्षणव्यवस्थेची निर्मिती मानली जाते. तथापि मुदत, मोजदाद आणि समाप्तीचा सोहळा ही तिची तिन्ही अंगे कोकणातील घरांना फार पूर्वीपासून परिचित होती. कुणकेश्वर आणि आचरा यांच्या दरम्यान वसलेल्या मिठबावसारख्या किनारी गावाच्या संदर्भात बालवाचनाचा इतिहास पाहायचा, तर आरंभ शाळेपासून नव्हे, पारायणापासून करावा लागतो.

पारायण म्हणजे एखादा ग्रंथ नेमलेल्या दिवसांत, खंड पडू न देता, आरंभापासून अखेरपर्यंत वाचणे. गुरुचरित्राचा सप्ताह हा त्याचा सर्वांत काटेकोर प्रकार होय, कारण कोणत्या दिवशी कितव्या अध्यायापर्यंत जायचे हेही त्यात ठरलेले असते. श्रावणातील पोथीवाचन त्या मानाने सैल असे. भाताची लावणी आटोपलेली, समुद्र खवळलेला असल्यामुळे होड्या वर ओढून ठेवलेल्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत मासेमारी थांबलेली, अशा दिवसांत श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ (१७०२) किंवा ‘शिवलीलामृत’ (१७१८) यांसारखी पोथी संध्याकाळी उघडली जाई. एकाने ओव्या वाचायच्या, दुसऱ्याने त्यांचा अर्थ उलगडायचा आणि उरलेल्यांनी ऐकायचे, अशी ही रीत होती. वाचणे याचा अर्थ येथे वाचून दाखवणे असाच होता. या प्रथेचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र विसरता येत नाही: पोथीपुढे बसण्याचा अधिकार जात आणि लिंग पाहून मिळत असे, गुरुचरित्राचे वाचन तर स्त्रियांना रूढीने वर्ज्यच होते, आणि त्यामुळे गावातील बहुतेकांच्या वाट्याला आयुष्यभर श्रोत्याचीच भूमिका आली.

पंतोजीच्या जुन्या शाळेत धुळाक्षरे, पाढे आणि मोडी, म्हणजे हात न उचलता भराभर लिहिण्याची व्यवहारातील लिपी, यांना महत्त्व होते. मुलाने स्वतःसाठी वाचायचे पुस्तक ही कल्पनाच तेथे नव्हती. ती मुंबईत छापखान्याबरोबर आली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ १८२८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील मूळ गोष्टी बेर्कें या फ्रेंच लेखकाच्या असून त्या इंग्रजीच्या वाटेने मराठीत उतरल्या होत्या. पाठ्यपुस्तके रचणाऱ्या या पहिल्या पिढीत मिठबाव ज्या देवगड तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील पोंभुर्ले गावचे बाळशास्त्री जांभेकर होते. ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झालेल्या ‘दर्पण’मुळे ते पत्रकार म्हणून स्मरणात राहिले, पण व्याकरण, नीतिकथा आणि इतिहास यांवरील त्यांची शालेय पुस्तके पाहता त्यांना मुलांचे लेखक म्हणून कमी ओळखले जाते, हे काहीसे अन्यायाचेच आहे. पुढे गुहागरजवळच्या हेदवीचे विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक काढले, वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये निघाले आणि बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ मध्ये.

किनाऱ्यावरील साक्षरतेला खरी निकड आणली ती मात्र टपालाने. गिरण्यांत आणि गोदीत कामाला गेलेला चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी मुंबईत राहणारा कोकणी माणूस, घरी मनीऑर्डर आणि पत्र पाठवी, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या आईला किंवा आजीला ते वाचून दाखवण्याचे काम शाळेत जाणाऱ्या पोराकडे येई. पत्राची भाषा नमस्कार-विज्ञापनेची, पुस्तकी. घरातली बोली मालवणी. त्यामुळे पोथीपुढे दोघांत वाटून घेतलेली वाचकाची आणि अर्थ सांगणाऱ्याची कामे त्या एकट्या मुलाला करावी लागत. या वाचनाची नोंद कोणत्याही तक्त्यावर झाली नाही. ते नीट झाले की नाही हे ऐकणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरून समजत असे.

मोजणारी पद्धत ग्रंथालयांतून आली. ब्रिटनमध्ये १९९९ पासून चालणाऱ्या उन्हाळी वाचन-उपक्रमात मुलाने सुट्टीत सार्वजनिक ग्रंथालयातील सहा पुस्तके वाचावीत अशी अपेक्षा असते, तर दुबईहून २०१५ मध्ये सुरू झालेल्या अरबी उपक्रमात हा आकडा पन्नासावर जातो आणि प्रत्येक पुस्तकाचा सारांश ‘पारपत्र’ म्हटल्या जाणाऱ्या वहीत नोंदवावा लागतो. महाराष्ट्रात २०१५ पासून अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो, २०२१ च्या ‘निपुण भारत’ने तिसरीअखेर मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचता यावेत असे उद्दिष्ट ठेवले, आणि त्यानंतर आलेल्या राज्याच्या ‘महावाचन उत्सवा’त तिसरी ते बारावीच्या मुलांनी वाचलेल्या पुस्तकाविषयी लिहायचे असते. या सर्वांत आकडा उपयोगी आहे, कारण तो नसेल तर मागे पडलेले मूल दिसतच नाही. परंतु मिनिटाला साठ शब्द मोजताना घरी मालवणी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठी ही अर्धी नवी भाषा असते, याला त्या मोजपट्टीवर खूण नाही. अर्थ सांगणारा हा पोथीवाचनातील निम्मा भाग तेवढा येथे गळाला आहे.

भिलार या पहिल्या ‘पुस्तकांच्या गावा’नंतर शासनाने ज्या गावांना ‘पुस्तकांचे गाव’ करण्यासाठी निवडले त्यांत पोंभुर्ले आहे, ही निवड जांभेकरांच्या नावाला साजेशी म्हणावी लागेल. वाचनासाठी दिवस कोणते नेमावेत हा वेळापत्रकाचा प्रश्न मात्र तिने सुटत नाही. ब्रिटनमधील मुलाला उन्हाळ्याची सुट्टी मोकळी असते. देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर मे महिना आंब्याच्या पेट्या आणि मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी भरलेला असतो. केंद्र शासनाचे शंभर दिवसांचे वाचन अभियान २०२२ मध्ये १ जानेवारीला सुरू होऊन १० एप्रिलला संपले, म्हणजे मोहोर राखण्यापासून हापूस उतरवण्यापर्यंतचे बागायतीचे बहुतेक दिवस त्यात आले. तिन्हीसांजेला पाऊस कोसळत असताना घराबाहेर पडता येत नाही आणि दाराशी काम नसते असे दिवस या किनाऱ्यावर श्रावणात येतात, आणि पोथी उघडण्यासाठी पूर्वीच्या लोकांनी तेच निवडले होते.