नदीपलीकडे बारा दिवस मागे

झेमूनच्या स्टेशनात भिंतीवर तारीख लागली आहे : १ जून १८९२. गाडी हलते. खालून साव्हा नदी सरकते, पुलाचं लोखंड खिडकीपुढून खडखडत मागं पडतं, आणि बघता बघता तुम्ही बेलग्रेडला उतरता. इथं कॅलेंडर म्हणतंय २० मे.

चूक कुणाचीच नाही. झेमून ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात आहे, तिथं ग्रेगोरियन पंचांग चालतं. सर्बिया अजून जुन्या ज्युलियन पंचांगावर आहे. एक नदी ओलांडली की माणूस बारा दिवस मागं जातो. इथलं सरकार हे पंचांग पुढं १९१९ साली बदलेल, पण चर्च बदलणार नाही. म्हणून आजही बेलग्रेडमध्ये नाताळ ७ जानेवारीला येतो आणि १३ जानेवारीच्या रात्री लोक दुसऱ्यांदा नववर्ष साजरं करतात.

स्टेशनाबाहेर गर्दी आहे ती तुमच्यासाठी नाही. निकोला टेस्ला आज येतोय. वय पस्तीस, अमेरिकेत नाव झालेलं. आई आजारी म्हणून तो मायदेशी आला होता, आणि नुकतीच ती गेली. त्याचं गाव ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मुलखात आहे. माणूस सर्ब, पण सर्बियाच्या राजधानीत तो पहिल्यांदा पाऊल ठेवतोय, आणि पुन्हा कधी ठेवणार नाही. वीज घरोघर कशी न्यायची हे ज्यानं जगाला दाखवलं, त्याच्या स्वागताला हे शहर रॉकेलच्या कंदिलांनिशी उभं आहे. रस्त्यावरचे विजेचे दिवे इथं पुढच्या वर्षी लागतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी चढ चढून शहराच्या मध्यावर या. पायाखाली ओबडधोबड गोटे आहेत, टाच सारखी मुरगळते. वस्ती पन्नास-पंचावन्न हजारांची. एका घराला व्हिएन्नाच्या धर्तीचा सज्जा, शेजारच्याला तुर्की धाटणीचा पुढं आलेला लाकडी मजला. चोच वर वळलेल्या चामडी वहाणा घालून खेडूत चालले आहेत, त्यांच्या बाजूनं उंच टोपीवाले वकील.

एकाला विचारा, या चौकाचं नाव काय. तो म्हणेल, ‘तेराझिये.’

पुन्हा म्हणायला लावा. तेराझिये म्हणजे तराजू. तुर्कांच्या काळात नळाच्या पाण्याचा दाब सांभाळायला इथं उंच मनोरा होता, त्याला तुर्कीत पाण्याचा तराजू म्हणत. मूळ शब्द फारसी. तिथून तो पश्चिमेला तुर्कांबरोबर या टेकडीवर आला आणि पूर्वेला आपल्या वाण्याच्या दुकानात. मनोरा गेला, १८६० मध्ये त्या जागी दगडी कारंजं आलं, नाव मात्र राहिलं. येत्या जुलैत शहराची नवी पाणीपुरवठा योजना सुरू व्हायची आहे. तोवर बायका या कारंज्यावर भांडी भरतात. तुम्हीही ओंजळ धरा, पाणी गार आहे.

आता कान उघडे ठेवून चाला. दुकानाला इथं म्हणतात ‘दुचान’. किराणा विकणारा ‘बकालिन’. आपल्याकडं बकाल म्हणजे आता घाणेरडी वस्ती. जुन्या मराठीत बकाल म्हणजे वाणीच होता. साबण ‘सापून’. टेकडीच्या टोकाला, जिथं साव्हा नदी डॅन्यूबला मिळते, तिथल्या किल्ल्याचं आवार ‘कालेमेगदान’, म्हणजे किल्ला आणि मैदान. १८६७ साली शेवटची तुर्की शिबंदी इथूनच किल्ल्या देऊन निघून गेली, त्याला पंचवीस वर्षं झाली. राज्य गेलं, शब्द घरातच राहिले. ज्यांनी शतकानुशतकं तुर्की अंमल सोसला ते लोक हे शब्द टाकून देत नाहीत, आपलेच म्हणून वापरतात. मला या शहराबद्दल जिव्हाळा वाटतो तो यामुळं.

दुपारी टेस्ला ‘वेलिका श्कोला’त, म्हणजे इथल्या महाविद्यालयात, विद्यार्थ्यांपुढं बोलतो. पण तुम्ही संध्याकाळ चुकवू नका. वायफर्ट यांच्या बिअरच्या कारखान्यात मेजवानी आहे. कोपऱ्यात दाढीवाले गृहस्थ बसलेत ते कवी योवान योवानोविच, ‘झ्माय’ नावानं प्रसिद्ध. वय अठ्ठावन्न. पेशानं डॉक्टर, आणि तरीही बायको आणि सगळी मुलं एकामागून एक त्यांच्या हातून निसटली. लग्नाच्या आनंदातल्या कवितांचं त्यांचं पुस्तक १८६४ चं, नाव ‘ज्युलिची’, म्हणजे छोटे गुलाब. त्यातला ‘ज्युल’ हा आपल्या गुलाबातला, गुलकंदातला गुल आहे. अठरा वर्षांनी दुसरं पुस्तक आलं, त्याचं नाव सुकलेले गुलाब.

झ्माय उठतात. टेस्लासाठी लिहिलेली कविता वाचतात. सगळे गप्प. वाचून होतं तेव्हा टेस्ला जागचा उठतो, त्यांच्यापाशी जातो आणि त्यांच्या हाताचं चुंबन घेतो. दोन वर्षांनी तो झ्मायच्या काही कविता इंग्रजीत आणून अमेरिकेत छापवून आणेल. यंत्रांत बुडालेल्या त्या माणसानं त्यासाठी वेळ काढला.

तुम्ही लगेच परतू नका. ऑक्टोबरपर्यंत थांबा. नळ आलेत. कालेमेगदानपासून तेराझियेवरून स्लावियापर्यंत रूळ टाकलेत आणि त्यावरून घोड्यांची ट्राम धावायला लागली आहे. पोरं तिच्यामागं पळतात. प्लम पिकून उतरलेत, परसात तांब्याच्या भट्ट्या पेटल्यात, दारू गाळणं चाललंय. त्या दारूला म्हणतात ‘राकिया’. शब्दाच्या आत आपला अर्क आहे.

कॅथीड्रलसमोरच्या गल्लीत बसक्या छपराचं, पांढऱ्या भिंतींचं घर दिसेल. बांधलं १८२० च्या दशकात. सर्बियाचा तेव्हाचा राज्यकर्ता मिलोश, त्यानं ते आपल्या वैद्याला, एचिम तोमाला दिलं. एचिम म्हणजे हकीम. पुढं इथं ‘कफाना’, म्हणजे कॉफीघर, झाली. कफानातला शेवटचा ‘आना’ नीट ऐका, तो आपल्या कारखान्यातला, दवाखान्यातला खाना आहे, फक्त ‘ख’ गळून पडलाय. यंदा मालकानं पाटीवर ‘कॅथीड्रलपाशी’ असं नाव घातलं. दारूच्या गुत्त्याला देवळाचं नाव, म्हणून चर्चनं हरकत घेतली. मालकानं तात्पुरतं एक चिन्ह लावलं : ?

ते तात्पुरतं चिन्ह आजही त्या दारावर आहे, आणि कफानाचं नावही तेच.

वाकून आत या, चौकट बुटकी आहे. तीन पायांच्या तिवईवर बसा, गुडघे जवळजवळ छातीला लागतात. पुढचं टेबल गोल आणि तितकंच ठेंगणं. शेजारी दोन म्हातारे वर्तमानपत्रावरून वाद घालतायत, तिसरा धूर सोडत ऐकतोय. वाढपी लांब दांड्याचं तांब्याचं भांडं घेऊन येतो. कॉफी दाट, वर फेस, तळाशी गाळ. सोबत पाण्याचा पेला. तो काहीतरी विचारतो, तुम्हाला कळत नाही. मग सावकाश, लहान मुलाला सांगावं तसा एकच शब्द म्हणतो.

‘शेचेर?’

शर्करा. आपल्याकडून निघून, फारसी आणि तुर्की तोंडांतून घासत घासत, तुमच्या आधीच इथं येऊन बसलेली.

तुम्ही दोन बोटं वर करता. तो मान डोलावून आत जातो.